कोंडवाड्यात मांजर नाही

आवणीच्या दिवसांत नाणे मावळात कुणाची म्हैस शेजाऱ्याच्या खाचरात शिरली, तर पुढं काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. म्हैस हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायची आणि मालकानं दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरून ती सोडवून न्यायची. ही रीत नुसती गावकीची नाही. १८७१ सालचा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा तिच्या पाठीशी आहे, आणि पुढं ग्रामपंचायतींच्या कायद्यानंही कोंडवाड्यांचा कारभार पंचायतींकडे दिला. १८७१ च्या कायद्याचं दहावं कलम शेतकऱ्याला थेट अधिकार देतं: आपल्या जमिनीत शिरून पिकाची नासाडी करणारं जनावर त्यानं स्वतः धरावं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं. धरलेलं जनावर जबरदस्तीनं सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यात ‘गुरं’ म्हणजे कोणकोण, ती यादी वाचण्यासारखी आहे. गाई-म्हशी तर आहेतच. शिवाय हत्ती, उंट, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या आणि करडंसुद्धा आहेत. मांजर नाही. म्हणून लोणावळ्यात तुंगार्लीला किंवा वलवणला शेजारच्या बंगल्यातलं मांजर भिंतीवरून उडी मारून आलं, ओट्यावरची मासळी पळवली, कुंड्यांची माती उकरून घाण केली किंवा पोटमाळ्यावर पिल्लं घालून बसलं, तर ‘माझा हक्क काय?’ या प्रश्नाला म्हशीसारखं सरळ उत्तर मिळत नाही. पुष्कळांना ही कायद्याची हयगय वाटते. मला तसं वाटत नाही. कायद्यानं मांजराला यादीबाहेर ठेवलं यामागे विचार आहे, आणि तो विचार समजला की आपला हक्क नेमका कुठं आहे आणि कुठं नाही, हेही समजतं.

चरणारं जनावर गवताच्या मागं जातं. त्याला दावं लावता येतं, गुराखी ठेवता येतो, आणि म्हणून ते मोकाट सुटलं तर चूक धन्याची, असं म्हणता येतं. म्हशीनं खाल्लेलं भात मोजता येतं, म्हैस पकडता येते, आणि तिची किंमत एवढी असते की दंड भरून मालक तिला सोडवायला धावत येतो. मांजराच्या बाबतीत यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला दावं लावलं तर ते मांजर म्हणून कामाचं उरत नाही. मावळच्या घरांत मांजर लाडासाठी आलं नाही, भातासाठी आलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं इंद्रायणी दिली, तिची पोती आणि कणगी उंदरांपासून राखायची तर रात्री माळ्यावर, गोठ्यात, शेजारच्या वळचणीला मोकळं फिरणारं मांजर लागतं. ते चार घरांतले उंदीर मारतं, म्हणजे ज्याच्या घरात ते ‘घुसतं’ त्याचंही काम करतं. अशा जनावराच्या प्रत्येक फेरीचा हिशेब मालकाच्या नावावर मांडायचा ठरवला, तर गावात कुणी मांजर पाळणार नाही.

इंग्लंडच्या न्यायालयांनीही नेमका हाच विचार केला. १९२६ मध्ये बकल विरुद्ध होम्स या खटल्यात एका माणसाच्या मांजरानं शेजाऱ्याच्या जागेत जाऊन तेरा कबुतरं आणि दोन बुटक्या जातीच्या कोंबड्या मारल्या होत्या. शेजाऱ्यानं भरपाई मागितली. अपील न्यायालयानं ती नाकारली: पक्षी मारणं हा मांजराचा जातिस्वभाव आहे, त्यात त्या एका मांजराची काही वेगळी खोड नाही, आणि गुरांच्या अतिक्रमणाचा नियम मांजराला लागत नाही. इंग्लंडनं पुढं १९७१ मध्ये प्राण्यांविषयी नवा कायदा केला, तेव्हाही दुसऱ्याच्या जमिनीत शिरलेल्या जनावरांबद्दलच्या जबाबदारीतून मांजर बाहेरच राहिलं. हे निवाडे आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, हे खरं. पण एकानं दुसऱ्याला केलेल्या अपायाची भरपाई कशी ठरवायची, याची संहिता आपल्याकडे लिहिलेली नाही; न्यायालयं त्या जुन्या तत्त्वांवरच चालतात, म्हणून ती जाणून घ्यावी लागतात. आणि इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून मराठी घरानं हा प्रश्न आपल्या परीनं सोडवलेला होता. दुधाचं भांडं शिंक्यावर ठेवायचं, कोंबडीची पिल्लं संध्याकाळी डालग्याखाली झाकायची. शिंकं तुटून बोक्याचं फावलं तर माणसं शिंक्याकडे बघत, बोक्याच्या मालकाच्या दारात भांडायला जात नसत. गुरांच्या बाबतीतही स्मृतिकारांनी शेत राखणाऱ्यावर काही भार टाकलाच होता: उंटालाही वरून डोकावता येऊ नये एवढं उंच कुंपण शेताला घालावं, असं मनुस्मृती सांगते. ज्याला आपली वस्तू जपायची आहे त्यानं आधी ती झाकावी, ही पहिली पायरी सगळीकडे सारखीच दिसते.

म्हणून पहिला आणि सगळ्यात भक्कम हक्क आहे तो मांजराला येऊ न देण्याचा. आपल्या हद्दीत जाळी लावायला, खिडकीला तावदान बसवायला, कौलांखालची फट बुजवायला, खुराड्याला अर्ध्या इंचाची चौकोनी जाळी ठोकायला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. आलेलं मांजर हाकलणं, टाळ्या वाजवणं, पाणी शिंपडणं यात गुन्हा नाही. मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम १९ संरक्षण देतं. मात्र इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ‘माझ्या मालमत्तेचा बचाव करण्याचा मला अधिकार आहे, मग मी मांजराला मारलं तर काय बिघडलं?’ असं म्हणणारे भेटतात. संहितेतला मालमत्तेच्या बचावाचा अधिकार चोरी, जबरी चोरी, आगळीक, फौजदारी अतिक्रमण अशा अपराधांविरुद्ध आहे. अपराध माणूस करतो. मांजर अतिक्रमण करत नाही, ते फक्त येतं. त्यामुळं बचावाच्या अधिकाराची ढाल मांजरावर काठी उगारणाऱ्याच्या हातात येत नाही. कुंपणात विजेची तार सोडणं तर कुठल्याही सबबीखाली करू नये. रानडुकरांसाठी लावलेल्या अशा तारांना चिकटून महाराष्ट्रात माणसं मेली आहेत, आणि तार लावणाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचे गुन्हे दाखल झाले आहेत.

मांजर मारण्याच्या बाबतीत कायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कडक आहे, आणि तो नुकताच आणखी कडक झाला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याची शिक्षा त्याच्या किमतीवर ठरायची. दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं जनावर मारलं तर कलम ४२८ खाली दोन वर्षांपर्यंत, आणि गाय, बैल, घोडा वगैरे किंवा पन्नास रुपयांवरचं कुठलंही जनावर मारलं तर कलम ४२९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. मांजराची किंमत किती, असा प्रश्न त्यामुळं खरोखर उभा राहायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या ३२५ व्या कलमानं ही किंमतच काढून टाकली. कुठलंही जनावर मारणं, त्याला विष घालणं, लुळंपांगळं करणं, ही आगळीक केली तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गल्लीतलं गावठी मांजर आणि हजारो रुपयांचं पर्शियन मांजर या कलमापुढे सारखंच. याच्या शेजारी प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तो आकडा ऐकून ‘पन्नास रुपये भरले की झालं’ असं समजणाऱ्याची फसगत होते, कारण त्याच कृतीवर ३२५ वं कलमही लागू शकतं.

विषापेक्षा जास्त प्रचलित उपाय पोत्याचा आहे. मांजर पोत्यात कोंबायचं, तोंड सुतळीनं बांधायचं, गाडीच्या डिकीत टाकायचं आणि घाटात किंवा धरणाच्या पलीकडे नेऊन सोडायचं. हे करणाऱ्यांना आपण काही पाप केलं असं वाटत नाही. मारलं तर नाही ना, असं ते म्हणतात. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, या जुन्या समजुतीतून निघालेली ही पळवाट आहे. पण कायद्याच्या नजरेनं त्या एका पोत्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. मांजर शेजाऱ्याचं असेल तर ती त्याची जंगम मालमत्ता आहे, आणि अप्रामाणिकपणे ती त्याच्या ताब्यातून नेली तर प्रश्न चोरीचा होतो. जनावराला नाहक यातना होतील अशा रीतीनं वाहून नेणं हा १९६० च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा. आणि जनावर उपासमारीनं, तहानेनं कासावीस होईल अशा ठिकाणी मालकानंच ते सोडून दिलं, तर तोही. मांजराला आपला परिसर पाठ असतो. अनोळखी जागी सोडलेलं मांजर तिथल्या बोक्यांशी मारामारीत जखमी होतं, उपाशी राहतं किंवा परतीच्या वाटेवर द्रुतगती मार्गावर चिरडलं जातं. विषाचं तर त्याहून वाईट. मासळीच्या डोक्यात घातलेलं उंदरांचं औषध त्या एका मांजराच्याच तोंडात जाईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. गल्लीतलं कुत्रं आहे, शेजाऱ्याचं लहान मूल आहे.

आणि मावळात आणखी एक शक्यता आहे, जी पुण्या-मुंबईच्या सोसायटीत सहसा नसते. रात्री आलेलं जनावर शेजाऱ्याचं मांजर नसेलही. लोहगड-विसापूरच्या पायथ्यापासून अंदर मावळापर्यंत रानाला लागून घरं आहेत, आणि त्या रानात रानमांजर आहे, उदमांजर आहे, मुंगूस आहे. कोंबडी गेली की पहिला संशय शेजारच्या बोक्यावर जातो, म्हणून थोडं निरखून बघावं. घरचं मांजर पिल्लं उचलतं; पूर्ण वाढलेली गावरान कोंबडी फरफटत नेणं सहसा त्याच्या आवाक्यातलं नसतं. मांजर आपली विष्ठा बहुधा मातीत पुरतं. उदमांजर मात्र भिंतीच्या कठड्यावर, गच्चीवर, दगडावर उघड्यावर टाकतं आणि तिच्यात फळांच्या बिया स्पष्ट दिसतात. पोटमाळ्यावर रात्रभर धावपळ ऐकू येते, ती पुष्कळदा उदमांजराची असते. ही सगळी रानजनावरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात सापळा लावून पकडणंही येतं. बोक्यासाठी लावलेल्या फासात उदमांजर अडकलं तर माणूस शेजाऱ्याविरुद्धची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाण्याऐवजी वनखात्याच्या कारवाईला तोंड देत बसेल. सापळा आणि विष टाळण्याचं हे मला सगळ्यात व्यावहारिक कारण वाटतं.

इथवर वाचून कोंबड्या पाळणारी एखादी बाई रास्त संतापानं विचारेल: माझी बारा पिल्लं गेली, त्यांचे पैसे कोण देणार? बंगलेवाल्यांच्या मांजराचा जातिस्वभाव सांभाळायचा आणि माझं पोट मारायचं, हा कुठला न्याय? आक्षेप खरा आहे आणि बकल विरुद्ध होम्सचं नाव घेऊन तो उडवून लावता येत नाही. त्याचं उत्तर असं, की मांजराच्या स्वभावाबद्दल मालक जबाबदार नाही, पण स्वतःच्या वागण्याबद्दल तो पुरेपूर जबाबदार आहे. एक मांजर कधीतरी आलं आणि गेलं, यात मालकाचं काही वागणं नाही. पण त्यानं पंधरा मांजरं बाळगली, त्यांची घाण साफ केली नाही, रोज संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर मासळीच्या डोक्यांची ताटली ठेवून गल्लीतली सगळी मांजरं गोळा केली, आणि दुर्गंधीनं शेजारच्यांना खिडकी उघडता येईना, तर हे आता त्या माणसाचं कृत्य झालं. कायद्याच्या भाषेत याला उपद्रव म्हणतात. उपद्रव सिद्ध करायला एखाद-दुसरा प्रसंग पुरत नाही. त्रास सतत असावा लागतो, आणि तो एखाद्या फार हळव्या माणसाला नव्हे तर कुणाही सामान्य माणसाला असह्य वाटेल असा असावा लागतो. ही कसोटी पुरी झाली तर दिवाणी न्यायालय मनाई हुकूमही देऊ शकतं आणि भरपाईही. बारा पिल्लांचे पैसे मागायचे तर ‘तुझ्या मांजरानं खाल्ली’ एवढं पुरणार नाही. ‘तू माझ्या खुराड्याशेजारी दहा मांजरं जमवलीस, मी तुला चार वेळा सांगितलं, तरी तू थांबला नाहीस’ हे दाखवावं लागेल.

हा फरक किती दूरवर जातो, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरला दिसलं. तिथल्या एका सोसायटीतल्या एकाच सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरं असल्याची तक्रार रहिवाशांनी केली, आणि महापालिकेनं मांजरं हलवण्याची नोटीस बजावली. तीनशेतल्या एकाही मांजरानं काही गुन्हा केला नव्हता. दुर्गंधी, आवाज आणि अस्वच्छता हा बाळगणाऱ्याच्या निर्णयाचा परिणाम होता, आणि कारवाईही त्या निर्णयावर झाली. लोणावळ्यात असं काही घडलं तर आरोग्य आणि स्वच्छतेच्या अंगानं नगरपरिषदेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करता येते. त्रास एका घरापुरता नसून वस्तीला होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी तो उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. प्रकरण चाव्या-ओरखड्यांपर्यंत गेलं असेल तर कायद्याच्या आधी जखम: साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण रेबीज मांजराकडूनही होतो. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका होऊ नये याची पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा हयगयीनं न घेणाऱ्याला न्याय संहितेचं कलम २९१ सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. साध्या ओरखड्याला ते कलम लागणार नाही. चावरं, आजारी मांजर माहीत असूनही मोकळं सोडलं तर ते उपयोगी पडेल.

मावळात हे सगळं करायचं तर एक अडचण आधी येते: मालक कोण? गावात प्रश्न नसतो, कुणाचं मांजर कुठलं हे पोरांनाही ठाऊक असतं. लोणावळा-खंडाळ्यात बंगल्याचा मालक मुंबईत असतो, शनिवार-रविवार बंगला पाहुण्यांना भाड्यानं जातो आणि बाकीचे पाच दिवस तिथं फक्त केअरटेकर असतो. तक्रार घेऊन गेलं की केअरटेकर म्हणतो मांजर शेठचं, आणि शेठ फोनवर म्हणतात मांजर केअरटेकरनं आणलं. १९६० च्या कायद्यानं या टोलवाटोलवीला आधीच उत्तर दिलेलं आहे. त्याच्या व्याख्येत ‘मालक’ म्हणजे केवळ मालक नव्हे. ज्याच्या कब्जात किंवा ताब्यात जनावर त्या वेळी आहे तोही मालकच, मग त्याला खऱ्या मालकाची संमती असो वा नसो. ही व्याख्या त्या कायद्यापुरती आहे, पण जबाबदारी कुणाकडे बघून ठरवावी याचा धडा तिच्यातून मिळतो. म्हणून तक्रारीचा कागद दोघांच्या नावे करावा: बंगल्यावर राहणाऱ्याच्या, आणि मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या.

कागदाच्या आधी वही. तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं, फोटो असेल तर त्याची नोंद. तीन महिन्यांची अशी वही न्यायालयात रागाच्या दहा पानांपेक्षा जास्त बोलते. मग समोरासमोर बोलणं, मग लेखी विनंती. गावात तंटामुक्त समिती असेल तर तिच्यापुढे जाता येतं. २००७ पासून राज्यानं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली ती अशाच बांधावरच्या भांडणांसाठी. तिथं मिटलं नाही तर वडगाव मावळच्या न्यायालयात दावा, आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालच्या तालुका समितीकडे अर्ज. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना तिथं वकील मोफत मिळतो. कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे सांगायला हवं, कारण हक्क कागदावर असून वकिलाच्या फीपायी अडून बसलेली माणसं मावळात थोडी नाहीत.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो. प्राण्यांवर माया करणारी माणसं म्हणतात की भूतदया हे राज्यघटनेतलं कर्तव्य आहे, मग मांजराबद्दल तक्रार करणं हेच चूक. कलम ५१-क मध्ये सजीवांबद्दल करुणा बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे, हे बरोबर. बैलांच्या शर्यती आणि जल्लिकट्टूच्या खटल्यात, ७ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं हे कर्तव्य आणि १९६० चा कायदा एकत्र वाचून प्राण्यांना भूक-तहान, वेदना आणि भीतीपासून मुक्त जगता यावं असं सांगितलं. त्या निकालापुढची गोष्ट अशी की शर्यतींबाबत राज्यांनी नंतर कायदे बदलले, पण प्राण्याच्या जगण्याला स्वतःचं मोल आहे हा विचार टिकून आहे. त्यातून सोसायटीला मांजर पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि पाळणाऱ्याला हाकलून देता येत नाही, हे निघतं. पण आपण पाळलेल्या प्राण्याची घाण शेजाऱ्यानं काढावी, हे त्यातून निघत नाही. करुणेचं कर्तव्य आधी बाळगणाऱ्यावर येतं. ज्यानं मांजराला नाव ठेवलं, खायला घातलं आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया मात्र करून घेतली नाही, त्यानं दर काही महिन्यांनी जन्मणाऱ्या चार-पाच पिल्लांची भूक आणि मरण ओढवून घेतलं. मग दया कुठं राहिली? ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत असं म्हटलं, तेव्हा देशभर वाद झाला; पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. खायला घालणं आणि मालकी यांत फरक आहे, हे स्थगितीच्या बाजूनं म्हणता येतं. पण रोज एकाच जागी, एकाच वेळी, दुसऱ्याच्या भिंतीला लागून घातलं तर त्या जागेच्या स्वच्छतेची जबाबदारी घालणाऱ्याची नाही, असं कुणालाच म्हणता येणार नाही. ताटली स्वतःच्या अंगणात आत घेणं, उरलेलं अर्ध्या तासात उचलणं, एवढ्यानंही निम्मी भांडणं टळतात.

लोणावळ्याचं खरं दुखणं मला दुसरंच वाटतं. पावसाळी सुट्ट्यांत बंगल्यांवर माणसं येतात, मुलांना पिल्लू सापडतं, दोन दिवस दूध-बिस्किटं मिळतात, आणि रविवारी संध्याकाळी गाड्या पुण्या-मुंबईकडे निघतात. सोमवारी ते मांजर कुणाचंच नसतं. त्याला माणसाच्या ताटाची सवय लागलेली असते, म्हणून ते शेजारच्या स्वयंपाकघराकडे वळतं, आणि त्रास होतो तो तिथं बारा महिने राहणाऱ्याला. त्याला ना शेजाऱ्याला नोटीस देता येते, ना कोंडवाडा आहे. काही जण घरचं नको झालेलं मांजर गाडीतून आणून मुद्दाम इथं सोडून जातात. ते तर वर सांगितलेल्या अकराव्या कलमातलं सरळ उल्लंघन आहे, आणि गाडीचा क्रमांक टिपून तक्रार देण्यासारखं आहे. मात्र जे मांजर आधीच आलं आहे त्याच्याबाबत शस्त्रक्रियेवाचून दुसरा उपाय कामाचा नाही. गल्लीतली चार-पाच घरं आणि एक-दोन बंगल्यांचे केअरटेकर मिळून खर्च वाटून घेतात तिथं हे जमतं. पिंजरा लावून पकडलेलं मांजर पशुवैद्यकाकडे नेऊन, बरं झाल्यावर त्याच गल्लीत परत सोडणं हे छळात मोडत नाही; मांजर जिथलं आहे तिथंच राहतं. शस्त्रक्रिया झालेला बोका भिंतीवर, दारात पिचकारी मारत फिरणं पुष्कळ कमी करतो, रात्रीची भांडणं कमी होतात, आणि त्या हद्दीत नवी मांजरं सहज घुसत नाहीत.

पोटमाळ्यावर व्यालेली मांजरी सापडली तर घाई करू नये. दूधपिती पिल्लं आईपासून तोडली तर ती मरतात, आणि तो छळच होईल. सात-आठ आठवडे थांबावं, तोवर खाली जुनं पोतं आणि मातीचं घमेलं ठेवावं म्हणजे घाण एका जागी राहते. पण त्या आठवड्यांत मांजरीवर लक्ष ठेवावं लागतं, कारण पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि पुढची वीण नऊ आठवड्यांत येते. लोणावळ्यात जूनच्या पहिल्या पावसाबरोबर मांजरं कोरड्या माळ्यांकडे वळतात. म्हणून पिंजरा, पशुवैद्यकाची वेळ आणि पैशांची वाटणी हे सगळं मे महिन्यातच ठरवून ठेवावं लागतं, आणि पिल्लं दुधावरून सुटली की सगळ्यांत आधी आईला न्यावं लागतं.